नवमीची काडतुसं

धूर आला नाही. प्रभंजननं गच्चीच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, रद्दी पेपर पसरून त्यावर चिमूटभर सांडलेली दारू ठेवली होती, लांबूनच तिला पेटती उदबत्ती लावली होती, आणि लावल्या लावल्या सवयीनं मागे सरून, नाक आक्रसून तो उभा राहिला होता. दारू म्हणजे बंदुकीची. प्यायची दारू या घराला कधी शिवली नाही, हे त्याचे वडील, अप्पा, पाहुण्यांना कुणी न विचारताच सांगत. काडतुसं भरून झाली की पेपरावर सांडलेली भुकटी पुन्हा डब्यात घालायची नाही, उघड्यावर नेऊन जाळून टाकायची, ही त्यांची शिस्त. लहानपणी या क्षणासाठी दोघे भाऊ, तो आणि धाकटा उमेश, अंगणात टपून बसत. भस्सकन पांढरा लोट उठे, नासक्या अंड्यासारखा वास सुटे, आणि फरशीवर काळा डाग पडला म्हणून आई आतून तोंड सोडी. आज त्यातलं काहीच झालं नाही. एक पिवळी ज्योत उठली, कागदावरून सरसरत गेली आणि आरतीतला कापूर संपावा तशी संपली. वास आला तो अगदी थोडा, आणि ओळखीचा नव्हता. खाली विद्यानगरच्या गल्लीत दसऱ्याची सकाळ चालली होती. कुणीतरी मोटार धुऊन तिला झेंडूची माळ बांधत होतं, आणि त्याची बायको श्यामला जिन्यातून हाका मारत होती की आंब्याची डहाळी आणायला आता काय मुहूर्त बघायचाय का. प्रभंजन जळक्या कागदाकडे बघत राहिला.

तो रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. शंका काढणं हा त्याचा जन्मभराचा धंदा. दुसऱ्याच्या अर्जात खोट दिसली की तिच्याभोवती लाल शाईनं गोल काढल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. स्वतःविषयी शंका आली की मात्र तो तिला आधी बसायला खुर्ची देई, पाणी विचारी, आणि गोड बोलून वाटेला लावी. आताही त्यानं तेच केलं. पावसाळा नुकताच सरलाय, दारूला ओल लागली असेल. वारा होता, धूर दिसला नसेल. पण दमट दारू पेटायला कुरकुरते, तडतडते आणि उलट जास्तच धुरावते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आणि वारा तर नव्हताच, कारण उदबत्तीचा धूर त्याच्या हातातून सरळ वर चालला होता.  ह्याच डब्यातल्या दारूनं भरलेली काडतुसं काल उमेश गावाकडे, कलघटगीला घेऊन गेला होता.

त्या घराण्यात, घराणं म्हणण्यासारखं फार काही नसलं तरी, एक रीत होती. भरणारा हात आणि चाप ओढणारा हात एका माणसाचा असू नये. अप्पांच्या वेळी त्यांचे थोरले भाऊ भरत आणि अप्पा झाडत. ते गेल्यावर अप्पांनी बंदुकीचा चाप उमेशकडे दिला आणि स्वतः भरायला बसले. स्वतःसाठी भरताना माणूस आळस करतो, असं ते म्हणत. दुसऱ्याच्या गालाशी जायचंय म्हटलं की हात जपून चालतो. त्यांच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या खाली, मोहरी सांडल्यासारखे निळे ठिपके होते. तरुणपणी उडालेली दारू कातडीत शिरून बसली होती, आणि दाढी करताना ते ठिपके ते हळूच चाचपून बघत. खंडेनवमीला वर्षाची काडतुसं भरायची, बंदुकीबरोबर पूजेत ठेवायची, आणि दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं लुटून आल्यावर शेताच्या बांधावरून पहिला बार काढायचा. अप्पा थकल्यावर बंदूक, तिचा परवाना आणि जमीन उमेशकडे गेली. अप्पा आणि त्यांची पत्र्याची पेटी प्रभंजनकडे हुबळीत आली. पेटीत गोळी ओतायचा चिमट्यासारखा साचा, दारू मोजायची पितळी पळी, चकत्या कापायचा पंच, आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. जाड पत्रिकांच्या गोल चकत्या कापून काडतुसाच्या तोंडाशी दाबायच्या, म्हणजे गोळी जागची हलत नाही. शिसं जुन्या हुबळीतल्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून आणलेलं. झिजलेले कन्नड खिळे अप्पा पळीभर घेत आणि स्टोव्हवर वितळवत, आणि अक्षरं एकमेकांत मिसळून चकाकणारा थेंब होईपर्यंत दोघा पोरांना श्वास घ्यायचंसुद्धा भान नसे.

अप्पा हुबळीतच गेले, आणि तिथंच दोघा भावांत वाकडं आलं. शेवटच्या महिन्यांत ते कलघटगीला न्या म्हणून हट्ट धरून बसले होते. प्रभंजननं नेलं नाही. इथं डॉक्टर आहे, दवाखाना आहे, तिथं काय आहे, असं त्यानं शांतपणे, कचेरीतल्या आवाजात सांगितलं होतं. स्मशानात, सगळ्या भावकीपुढं, उमेश म्हणाला होता, "तू कोंडून मारलास अप्पांना." एवढंच. रडत म्हणाला, दुःखात म्हणाला, नंतर त्याच्या बायकोनं, भारतीनं, त्याच्या वतीनं माफीही मागितली. पण ते वाक्य प्रभंजनच्या अंगात त्या निळ्या ठिपक्यांसारखं शिरून बसलं. त्यानंतर दोघे भाऊ लग्नामुंजीत भेटले तर हवापाण्याचं बोलत. यंदा नवमीला मात्र उमेश आपणहून दारात उभा राहिला, हातात बंदुकीची रिकामी पितळी काडतुसं असलेली पिशवी आणि मक्याची कणसं. "अण्णा, डुकरांनी मका ठेवला न्हाई. भरून देतोस काय?" प्रभंजनला कळलं की ही माफी आहे, आणि यापेक्षा चांगली माफी उमेशला मागता येणार नाही. त्याला इतका आनंद झाला की चष्मा पुसायच्या निमित्तानं तो आत गेला.

आणि मग त्यानं भरली. गच्चीवर चटई घालून, उमेशला समोर बसवून, अप्पांच्या थाटात. हात पहिल्यांदाच भरत होता, पण बघून बघून सगळं पाठ झालेलं होतं. पळी भरून बोटानं सपाट करायची, ठासायची, कांबळ्याचा तुकडा, गोळी, वर पत्रिकेची चकती, आणि मेणानं कड बंद. कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेतलं 'सौ. कां.' एका काडतुसाच्या तोंडावर आलं, तेव्हा दोघेही पोट धरून हसले. संपल्यावर प्रभंजननं दोन्ही हात पालथे-उताणे करून दाखवले होते. "बघ. अप्पांचे हात दोन दोन दिवस काळे असायचे. माझी बोटं बघ." बोटं खरंच स्वच्छ होती. उमेश म्हणाला, "शहरातला हात अण्णा, त्याला मळ कुठला लागतोय." दोघे पुन्हा हसले. खाली उतरताना प्रभंजनला वाटलं होतं की आपण वडिलांपेक्षाही सफाईनं काम केलं, आणि रात्री झोपेतसुद्धा त्याला त्याचा अभिमान वाटत राहिला. सांडलेली दारू जाळायचं तेवढं त्या आनंदात राहून गेलं.

आता गच्चीवर उभं राहून तो तीच बोटं बघत होता. ती काळी व्हायला हवी होती. कोळशाची दारू हाताला लागल्याशिवाय राहत नाही. काल ती लागली नाही, आणि काल ते त्याला दिसलं होतं, दिसून आवडलं होतं. त्यानं फोन लावला. उमेशनं लगेच उचलला. मागं घंटा वाजत होती, भारती कुणावर तरी ओरडत होती.

"अण्णा! बोल की."

"पोचलास नीट?"

"कालच की पोचलो. तू आज विचारालास!" उमेश खुशीत होता. "बंदूक पुसून देवापुढं ठेवलोय. भारतीनं माळ घातलीय तिला, नवरीगत दिसालीय बघ. नागोजीला काडतुसं दाखवलो, हातात घेऊन बसलाय, खाली ठेवंना."

नागोजी म्हणजे ओढ्यापलीकडच्या शेताचा मालक, उमेशचा लहानपणापासूनचा सोबती. त्याच्याकडेही तसलीच जुनी बंदूक होती.

"बार कधी काढतोस?"

"संध्याकाळी, बन्नी घेऊन आलो की. अप्पांच्या वेळेला."

"जपून रे."

"काय जपून?" उमेश हसला. "तू भरलायस न्हवं?"

प्रभंजन म्हणाला, "हो."

फोन बंद झाल्यावर तो 'हो' गच्चीवरच राहिला. एका वाक्याचं काम होतं. काडतुसं वापरू नको, माझी चूक झाली. पण ते वाक्य तोंडाशी आलं तेव्हा त्याच्यापुढं दुसरं वाक्य येऊन उभं राहिलं होतं, स्मशानातलं, आणि आता उमेश त्यात स्वतःचंही नाव घालेल, मलाही मारत होतास म्हणेल, हे प्रभंजनला स्पष्ट ऐकू आलं. नुकतं कुठं जुळलंय. आज सणाचा दिवस. आणि आपली खात्री तरी कुठं आहे? खात्री नसताना माणसाला घाबरवणं हे कसलं शहाणपण? शंकेला त्यानं पुन्हा एकदा खुर्ची दिली. ती बसली, पण या वेळी उठून जायचं नाव घेईना.

जेवायला होळगी होती, पुरणपोळी. श्यामलानं तूप वाढलं, त्यानं घास घेतला आणि उठून हात धुऊन आला. थोड्या वेळानं पुन्हा गेला. "कातडं काढणार आहात का धुऊन धुऊन?" ती म्हणाली. "कुणाचा फोन होता सकाळी?" "उमेशचा." "काय म्हणाला?" "काही नाही. बार काढणार आहे संध्याकाळी." "मग त्यात तोंड एवढंसं करण्यासारखं काय आहे?" ऊन लागलं असेल, असं काहीतरी तो म्हणाला. पाण्याखाली हात धरल्यावर त्याला पेटीतले दोन डबे आठवले. एकातल्या दारूचे खडे झालेले, म्हणून त्यानं तो बाजूला सारला. दुसऱ्याच्या झाकणावर लाल दोरा गुंडाळला होता. तो त्यानं कात्रीनं कापला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. अप्पा दर नवमीला पेटीतल्या प्रत्येक वस्तूला लाल दोरा बांधून हळदकुंकू वाहत. साच्याला दोरा होता, पळीला होता, पंचाला होता. विटलेले, एकपदरी, नुसते गुंडाळलेले. डब्याचा दोरा त्यातलाच एक, असं त्याच्या हातानं गृहीत धरलं. पण तो दोरा दुपदरी होता. त्याच्यावर गाठीवर गाठ होती. कात्री एका झटक्यात चालली नव्हती. पूजेचा दोरा असा कुणी बांधतं का? आणि झाकणावर हळदकुंकवाचं बोट कुठं होतं?

मग अप्पांचा आवाज आला. तो कुठून आला ते सांगता येत नाही. नळ चालू होता, श्यामला ताटं आवरत होती. विद्यानगरच्या ह्याच घरात, आजारपण वाढायच्या आधी, अप्पा एका दुपारी ओलीनं फुगलेली कंपनीची जुनी काडतुसं उघडून बसले असता त्यांनी त्याला हाक मारली होती. तो कचेरीला निघाला होता, बुटाची लेस बांधत होता. "प्रभू, इकडं बघ. ही तयार काडतुसातली दारू. हिला धूर नाही. आपली बंदूक जुनी, हिची पळीभर तिला सोसायची नाही, नळी फुटंल. डब्यात घालून ठेवतोय, पावसात शेतात ओतून टाकायची. तोवर कुणी हात लावू नये म्हणून दोरा बांधतोय. ऐकलास?" आणि बुटाची दुसरी लेस बांधता बांधता प्रभंजननं म्हटलं होतं, "हो."

त्यानं नळ बंद केला. आता त्याला भीती वाटली, खरीखुरी. फोन लावला तर भारतीनं उचलला. "ते बन्नीला गेलेत अण्णा. फोन हितंच, चार्जिंगला."

"बंदूक?"

"देवापुढं होती की... न्हाई आता. घेऊनच गेले वाटतं. तसंच शेताकडं जाणार म्हणत होते."

"त्याला निरोप दे. मी येतोय. मी येईपर्यंत बार काढू नको म्हणावं."

"तुम्ही येणार?" भारतीचा आवाज एकदम भरून आला. "आत्ता पाठवते कुणालातरी. लई खूश होतील बघा."

अजूनही त्यानं कारण सांगितलं नाही. ते सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिच्या आवाजातला तो आनंद ऐकून पुन्हा मिटलं. स्वतः जाऊन, समोर उभं राहून सांगू. तिथं ते कमी वाईट दिसेल. गाडी काढताना श्यामलानं विचारलं कुठं, तर तो म्हणाला, उमेशला सोनं द्यायला.

कारवार रस्त्यावर जिकडंतिकडं फोडलेले कोहळे पडले होते, आतून कुंकू भरलेले, चाकांनी चिरडून लाल झालेले. दरवर्षी असतात. ट्रॅक्टर माळा घालून चालले होते, त्यांच्या मागून जाताना त्याला पुढं निघता येईना आणि हॉर्न वाजवायचा धीर होईना. आपल्याला काल माहीत नव्हतं, असं तो मनाशी म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी आतून कुणीतरी विचारत होतं, नक्की? कात्री अडली तेव्हा हात थांबला होता की नाही? बोटं काळी झाली नाहीत तेव्हा डोळ्यांनी बघितलं होतं की नाही? कचेरीत कुणाचा अर्ज असता तर तू गोल केला नसतास? उमेश समोर बसला होता, हसत होता, आणि त्याच्या उजव्या डोळ्याच्या बाजूची कातडी अप्पांसारखीच सुरकुतत होती. त्या डोळ्याकडे बघत बघत आपण पळी सपाट करत होतो. त्या हातात राग होता का? त्याला राग सापडला नाही. त्याला सापडलं ते त्याहून वाईट होतं. सकाळी फोन ठेवल्यावर, त्या 'हो'च्या पाठोपाठ, एका क्षणापुरतं त्याला बरं वाटलं होतं. म्हणजे आता उमेशचं सगळं माझ्या हातात आहे, असं काहीतरी. त्यानं काच खाली केली आणि तोंडावर वारा घेतला. कलघटगी आलं, मागं पडलं, आणि शेताची कच्ची वाट लागली तेव्हा ऊन मक्याच्या शेंड्यांवरच उरलं होतं.

उमेश बांधावर उभा होता. बंदूक हाताच्या बेचक्यात, नळीला अजून झेंडूची माळ. लांबून बघूनच तो हसला. "निरोप मिळाला. म्हणून थांबलो बघ. नागोजी तिकडं ओरडायलाय, काढ की रे, अंधार पडंल, म्हणून. म्हटलं सुम्न इर, गप बस, अण्णा येतोय." तो वाकून पाया पडला, खिशातून बन्नीची पानं काढून प्रभंजनच्या हातात ठेवली. "बन्नी तगोंड बंगारदंग इरोण." सोन्यासारखं राहूया. दर दसऱ्याला अप्पा हेच म्हणत, कन्नडातच; मराठीत ते त्यांना बेचव लागे. मग उमेश ओढ्याकडे तोंड करून उभा राहिला, दस्ता खांद्याला लावला आणि गाल टेकवला.

प्रभंजननं पुढं होऊन नळी धरली. "नको."

"काय नको?"

"ती दारू ह्या बंदुकीची नाही. दुसऱ्या डब्यातली आहे. अप्पांनी हात लावू नको म्हणून ठेवलेली. माझ्याकडून चूक झाली, उमेश. नळी फुटली असती."

उमेशनं गाल उचलला. बंदूक मधून उघडून काडतूस बाहेर काढलं, त्याच्या तोंडावरची पत्रिकेची चकती बघत राहिला. मग अगदी हळू, पोरगा असताना विचारायचा तसं, त्यानं विचारलं, "कधी कळलं तुला?"

आत्ता वाटेत, असं म्हणता आलं असतं. "सकाळी."

"फोनच्या आधी, का मागनं?"

"आधी."

आता तो स्मशानातलं ते वाक्य बोलेल, असं प्रभंजनला वाटलं. बोलावं, असंही वाटलं. त्याची त्याला आयुष्यात कधी नव्हती इतकी गरज होती.  उमेशनं खिशात हात घालून काडतुसं काढली आणि एकेक करून अण्णाच्या ओंजळीत, बन्नीच्या पानांवर ठेवत गेला. शेवटचं ठेवून त्याचा हात पुन्हा खिशात गेला, आणि तिथंच राहिला. त्याचा चेहरा बदलला.

"नागोजीला दिलोय," तो म्हणाला. "सकाळी. दोन. अण्णानं भरलेली दे म्हणाला." त्यानं फोन काढायला दुसरा खिसा चाचपला. फोन घरी चार्जिंगला होता. "आपला बार झाला की काढतो म्हणालेला. तू नुसतं थांब म्हणून निरोप दिलास अण्णा. कशाला थांबायचं ते सांगितला असतास तर मी त्याला..." तो वळला, आणि ओढ्याकडे तोंड करून गळा फुटेस्तोवर ओरडला, "नागोजी! ए नागोजी! ब्याडऽ! काढू नकोस!"

पलीकडनं नागोजीनं हसून काहीतरी उत्तर दिलं. शब्द कळले नाहीत. मग बार झाला. अप्पांचा बार छातीत घुमायचा. हा तसा नव्हता. कोरडा, कडकन फुटलेला, आणि त्याच्या पाठोपाठ पत्रा फाटल्यासारखं काहीतरी. मक्यातून बगळे उठले. उमेश बंदूक टाकून ओढ्याच्या दिशेनं धावत सुटला, मका आडवा करत, नागोजीला हाका मारत. प्रभंजन जागचा हलला नाही. स्वच्छ हातांच्या ओंजळीत काडतुसं आणि पानं धरून, ओढ्यापलीकडे पांढरा धूर वर येतो का ते तो बघत उभा राहिला.